पंगत कुठे बसली होती

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर वाल सोलले. मोड आलेले कडवे वाल, कोमट पाण्यात घातलेले. मी खुर्चीवर, इंदू खाली पाटावर, मध्ये पातेलं. वाल दोन बोटांत धरून दाबला की साल हातात राहते आणि डाळिंबी सुटते. माझ्या बोटांना हल्ली तेवढंही जमत नाही. माझ्या निम्म्या डाळिंब्या मोडत होत्या. ती बघत होती, मग बोललीच.

"आयकलात? सोलतात की कुटतात?"

"तुझ्या जेवायला येणाऱ्या पोरांना काय, गिळायच्याच आहेत."

"परीक्षा आसा पोरांची. ताटात नीट दिसाक व्हया."

मग "वायच पाठ टेकतंय" म्हणून ती आत गेली. मी राहिलेले वाल सोलत बसलो. सगळे झाल्यावर हाक मारली. मग परत मारली. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेल्या, काही त्रास झाला नाही. त्रास झाला नाही हे त्याला कोणी सांगितलं?

माणसं जमली. समोरच्या घरातल्या बाईने स्वयंपाकघर आवरायला घेतलं आणि ते पातेलं कचऱ्याच्या डब्यात उपडं केलं. सुतकातलं अन्न ठेवत नाहीत काका, म्हणाली. तेव्हा मी काही बोललो नाही. आता बोलतो. बाई, ते अन्न नव्हतं. अजून शिजलंही नव्हतं. ते आमचं दोघांचं काम होतं. तुला विचारायला काय झालं होतं?

ती गेली आणि परीक्षा आल्या. दर वर्षी येतात तशाच आल्या, लाज नसल्यासारख्या. खाली बस स्टॉपवर पोरं उभी असतात, डोळे मिटून, ओठ हलवत. झेरॉक्सच्या दुकानापुढे घोळका. हातगाडीवर कैऱ्या आल्या, चिरून, तिखटमीठ लावून. घाटकोपरचं ऊन या दिवसांत डोंगरावरून खाली येतं आणि इमारतींच्या मध्ये अडकून बसतं, जाता जात नाही. पत्र्याखाली राहत होतो तेव्हा ते डोक्यावर बसायचं, आता बाराव्या माळ्यापर्यंत भिंती तापवतं, एवढाच फरक. आमच्या घरात या दिवसांत कैरीच्या पन्ह्याची कळशी असायची आणि कुयरीची भाजी. कुयरी म्हणजे कोवळा फणस. ती चिरताना इंदू हाताला तेल लावायची आणि मला म्हणायची, लांब रव्हा, चीक लागलो तर माका कापडा धुवूक लागतली. कुयरी परवा बाजारात बघितली. माझ्याकडे बघून विकणारा म्हणाला, घ्या बाबा, गावची आहे. मी त्याला उगाच शिवी दिली. त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं.

आम्ही कोकणातले. मी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होतो. संपात गिरणी गेली, मग वॉचमनकी केली. मूलबाळ झालं नाही. माझी आई परळला खाणावळ चालवायची, गिरणीतल्या माणसांसाठी. लग्न होऊन आलेली इंदू त्याच चुलीपुढे बसली. त्या खाणावळीत एक रीत होती. गावाला जाऊन आलेल्या माणसाने गावचा वाटा आणायचा. खाजं असो, सोलं असोत, आंब्याचं साठ असो, नाहीतर नुसती ओली सुपारी. जेवणाआधी तो वाटा सगळ्यांच्या ताटात पडायचा आणि आणणाऱ्याने सांगायचं, हे काय आहे, आमच्याकडे कधी करतात, कोण करतं. कऱ्हाडचा असो, सावंतवाडीचा असो, उत्तरेतला भय्या असो. कोणी नाक मुरडलं की आई म्हणायची, आधी चाख, मगे बोल. चाखल्यावर शिव्या दिल्यास तरी चालतील. चाखायच्या आधी एक शब्द नाही. अंगठाबहाद्दर बाई होती माझी आई. तिला संस्कृती वगैरे शब्द म्हणता आला नसता.

हे सगळं मी का सांगतो ते पुढे कळेल.

कोरोनानंतर कॉलेजं उघडली आणि आमच्या भागात बाहेरची पोरं राहायला आली. आमची चाळ पाडून इमारत झाली होती, आम्हाला चौथ्या माळ्यावर घर मिळालं होतं. इंदू एकदा कोळणीकडे सुकट घेत होती. शेजारी बारीक डोळ्यांची एक पोरगी उभी. तिने टोपलीतली मूठभर सुकट उचलून नाकाशी धरली आणि डोळे मिटून घेतले. इंदू घरी येऊन मला म्हणाली, सुकटीचो वास घेऊन डोळे मिटता ती पोर परकी कशी? आणि पोर मागे दारात उभीच होती. तिचं नाव आटोली, नागालँडची. तिने दुसऱ्या आठवड्यात जुमाला आणलं. तो आफ्रिकेतला, झांझिबार नावाच्या बेटावरचा, सहा फुटांच्या वर, दारातून वाकून आत येणारा. आणि जुमाने सोबत तन्मयला आणलं. तन्मय आपला बोरिवलीचा, आईबापाचं घर असून इकडे जेवायला येणारा.

अशी आमची खाणावळ परत सुरू झाली. पाटी नाही, काही नाही. दोन शेगड्या आणि इंदू.

जुमा पहिल्यांदा आला तेव्हा इंदू आडाळ्यावर बसून नारळ खवत होती. आडाळो म्हणजे आमच्याकडची बसायची विळी, पुढे खवणीचं दातेरी पातं. जुमाने ते बघितलं आणि एवढा मोठा गडी लहान पोरासारखा खाली बसला. तिला हाताने बाजूला व्हायला सांगितलं. स्वतः आडाळ्यावर बसला आणि अर्धा नारळ असा फिरवला की एक तुकडा पडला नाही. मग हसायला लागला. तन्मयने विचारून मराठीत सांगितलं. त्याच्या आजीकडे अशीच खवणी आहे, असंच बसायचं, आणि त्यांच्याकडे तिला बकरी म्हणतात. इंदू म्हणाली, बकरी तर बकरी, उद्यापासून सकाळी येऊन नारळ खवून जा. तो येत होता. परीक्षेच्या दिवशीही आला होता, बूट घालून, आणि इंदूने त्याला हाकलला.

ताटाजवळ पुस्तक आणायचं नाही हा तिचा हुकूम. परीक्षा असो की काही असो. पोरं दारात पुस्तकं ठेवायची आणि तोंडाने पाठ केलेलं बडबडत जेवायची. आटोली कधी चुकून मालवणी बोलायची कधी इंग्रजी. इंदूच्या नादाने तिला हिंदीच्या आधी मालवणी आली. कॉलेजात ती मराठी पोरांना "खय जातंस" विचारायची आणि ती पोरं हिच्याकडे बघत राहायची.

मग एका परीक्षेच्या हंगामात एक प्रकार झाला. आटोली घरून आली ती वाटा घेऊन आली. पानात बांधलेले आंबवलेले सोयाबीन. वास असा की मी, गिरणीत उभा जन्म काढलेला माणूस, गॅलरीत जाऊन उभा राहिलो. इंदूने बोटावर घेतलं, चाखलं. मग म्हणाली, सुकटीची मोठी भयण आसा ही. सुकट, मिरची आणि ते सोयाबीन घालून तिने चटणी केली. जुमाने तीन वेळा मागून घेतली.

पण आटोली जिथे पैसे भरून राहत होती त्या घरमालकिणीने तिचं सामान जिन्यात आणून ठेवलं. वासासाठी. परीक्षेच्या दोन पेपरांच्या मध्ये. आणि आमच्या इमारतीतही बोंब झाली. बाळू परब आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. चाळीत आमच्या शेजारी वाढला, इंदूच्या हातचं बांगड्याचं तिखलं खाऊन मोठा झाला. त्याने खाली काचेत नोटीस लावली. सदनिका फक्त राहण्यासाठी आहे, खाणावळ किंवा इतर व्यवसाय आढळल्यास कायदेशीर कारवाई होईल. नाव लिहिलं नव्हतं. नाव लिहायची गरज काय, इमारतीत खाणावळ एकच.

त्या दिवसापासून पोरं चपला हातात घेऊन घरात यायची. दाराबाहेर चार जोड दिसले की कळतं म्हणून. इंदूने दारामागे गोणपाट घातलं होतं. मला तेव्हा ती गंमत वाटायची.

सामान जिन्यात आलं त्या रात्री आटोली रडत होती आणि इंदू तिला वाढत होती. तन्मय रागाने लाल. फेसबुकवर टाकतो, त्या बाईची वाट लावतो, म्हणाला. इंदू म्हणाली, "तिची वाट लावून हिका खोली गावतली? तिका ठाऊकच नाय ह्या काय आसा. कोणी सांगूकच नाय तिका. तुम्ही लिवणारी माणसा ना? मग लिवा. ह्या काय, ह्याका वास कित्याक येता, कोण करता. नारळाच्या बकरीचा पण लिवा."

मासिक तिथून निघालं. आमच्या लादीवर, चटणीच्या ताटांच्या बाजूला. चार पानं, झेरॉक्स. एका पानावर आटोलीचं सोयाबीन, एका पानावर जुमाची बकरी, एका पानावर माझ्या आईची गावच्या वाट्याची रीत. नाव ठेवलं पंगत. आणि पहिल्या पानावर वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आधी चाख, मगे बोल. खाली तेच इंग्रजीत आणि जुमाच्या भाषेत. तन्मयने मला वाचून दाखवलं, म्हणाला, आजोबा, हे आमचं ध्येय. इंदू भांडी घासत होती. तिने विचारलं, ध्येय म्हंजे? तन्मय म्हणाला, म्हणजे मासिक कशासाठी काढतो ते. ती म्हणाली, ता लिवक व्हया? जेवणारो माणूस जेवता कशासाठी ता लिवता?

तन्मयचा बाप बोरिवलीहून भांडायला आला होता. पोरगा पेपर सोडून मासिक काढतोय, तुम्ही म्हातारी माणसं, तुम्हाला कळायला पाहिजे. तो उभ्याने ओरडत होता. इंदूने ताट वाढून पाट मांडला. परक्या माणसाशी ती शहरी बोलायची.

"मी जेवायला नाही आलो."

"माहीत आहे. भांडायला आलात. बसून भांडा. मासे थंड होतात."

"हा नापास झाला तर?"

"तर भांडी घासायला ठेवीन. हात मजबूत आहेत त्याचे, तुमच्यावर गेलाय."

तो बसला. जेवताना एकदा हसला, ते लपवायला पाणी प्यायला. पोरगा पासही झाला.

तो हंगाम असा होता. घामाचा, कैरीचा, चपला लपवण्याचा. मला त्यातलं सगळं आठवतं आणि सगळ्याचा राग येतो. कारण पुढे काय झालं ते ऐका.

पंगत मोठी झाली. कुठकुठल्या देशांतली पोरं तिच्यात लिहायला लागली. झेरॉक्स गेलं, मोबाईलवर आली, मग चकचकीत कागदावर. मला बरं वाटायचं. इंदूला अंक आला की ती पिशवीत घालून कपाटात ठेवायची, वर कापूर ठेवायची, साड्यांना ठेवतात तसा.

ती गेल्यावर पोरं आली, सगळी आली. तेराव्याला आटोलीने पानं वाढली. मग तन्मय म्हणाला, आजोबा, नवा अंक निघतोय, वांद्र्याला हॉलमध्ये कार्यक्रम आहे, तुम्हाला यायचंय. मी म्हटलं, इंदूचं काही बोलणार असतील. म्हणून गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

थंड हॉल. मोठा पडदा. एक मुलगी माइकवर आली आणि पडद्यावर कॉफीच्या कपाचा फोटो आला. ती म्हणाली, एका पावसाळी संध्याकाळी वांद्र्याच्या एका छोट्या कॅफेत काही मित्र भेटले आणि त्यांना वाटलं, जगातल्या संस्कृतींना जोडणारं एक व्यासपीठ असावं. मग ध्येय आलं पडद्यावर. संवादातून समज, समजेतून सहभाव, असलं काहीतरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधी चाख कुठेच नव्हतं.

मी उठलो. लोकांचे पाय तुडवत बाहेर आलो. रस्त्यावर तन्मय मागून धावत आला, त्याच्यामागे आटोली.

"आजोबा, थांबा ना. ऐका तरी."

"कुठला कॅफे रे? दाखव मला. त्या कॅफेतल्या बाईने तुझ्या बापाला जेवू घातलं होतं? मासिकाचं नाव पंगत, आणि ती बसली कॅफेत? लाज नाही वाटली?"

"आजींनीच सांगितलं होतं."

"मेलेल्या माणसाच्या नावावर खपवू नकोस."

तन्मयने आटोलीकडे बघितलं. आटोली पुढे आली. साडी नेसली होती कार्यक्रमासाठी, रस्त्यातल्या गर्दीत पदर सांभाळत होती. म्हणाली, "आजोबानू, खरा सांगतंय. आजीनंच सांगलेला. आमचा नाव खय घालू नको, घराचा नाव घालू नको. बाळूक कळला तर घर जातला. ह्यांका म्हातारपणी रस्त्यार आणूचा नाय. शपथ घातली ना आमका."

नागालँडच्या पोरीच्या तोंडून माझी बायको बोलत होती. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिच्या पायाही पडावंसं वाटलं.

"मग कॅफे?"

"कॅफे मी घातला," तन्मय म्हणाला. "काहीतरी लिहायला पाहिजे होतं. सगळे तसंच लिहितात."

"आणि पावसाळी?"

"ते वेबसाइट बनवणाऱ्या मुलीने टाकलं."

"आणि आता? आता ती गेली. आता कोणाला भिता?"

"तुम्ही आहात ना अजून त्या घरात," तो म्हणाला. "आजी गेल्या म्हणजे शपथ सुटली असं थोडंच आहे."

पोरं खरी निघाली. मला ती खोटी निघाली असती तर बरं झालं असतं, निदान राग कुठेतरी टाकता आला असता. आता तो घेऊन मी घरी आलो.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावतो. इंदू, तू मला विचारलं का नाहीस? एका खोलीत राहिलो, एका पातेल्यात हात घातले, आणि एवढी मोठी गोष्ट तू चार पोरांना सांगितलीस आणि मला नाही. घर जाईल म्हणून. घर म्हणजे काय होतं ते, चार भिंती? आपण पत्र्याखाली राहिलो नव्हतो? गिरणी गेली तेव्हा मेलो नव्हतो. तू स्वतःला पुसून टाकलंस आणि त्याच्यावर कॉफीचा कप आला. माझी आई पुसली गेली, तिची रीत गेली. लोक टाळ्या वाजवतात आणि त्यांना माहीतच नाही की हे एका बाईने लादीवर बसून, मिरचीने हात चुरचुरत असताना सांगितलं होतं. मला मान नको, हार नको. पण एखादी गोष्ट जिथे झाली तिथे झाली म्हणावं. तिथे झाली नाही असं म्हणणं म्हणजे त्या माणसाला दुसऱ्यांदा मारणं. एकदा डॉक्टरने सांगितलं ते पुरे होतं.

आणि बाळूवर रागावतो. आणि त्या घरमालकिणीवर, जिचं तोंडही मी बघितलं नाही. ज्यांना चाखायच्या आधी सगळं कळतं त्या सगळ्यांवर रागावतो. असली माणसं वाढली आहेत. आमच्या परळच्या खाणावळीतही भांडणं व्हायची, ताटं फेकायची माणसं. पण जेवून झाल्यावर फेकायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून खाली गेलो. बाळू परब सोसायटीच्या ऑफिसात पाण्याच्या टँकरवाल्याशी फोनवर भांडत होता. मी खुर्ची ओढून समोर बसलो. त्याने फोन ठेवला.

"काय काका, एवढ्या सकाळी?"

"चौथ्या माळ्यावर खाणावळ होती. तुझ्या काकीची. पाच-सहा वर्षं चालली, नोटीस लावल्यावरही चालली. सांगायला आलोय. काय कारवाई करायची ती कर."

तो हळू म्हणाला, "काका, सगळ्यांना माहीत होतं हो. लिफ्टमध्ये वास यायचा. आम्हालाच भूक लागायची."

"माहीत होतं?"

"तक्रार आली की नोटीस लावावी लागते. लावली. पुढे कोणी काही केलं का?"

"ती घाबरत जगली, बाळू."

त्याने टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडे केला. "मला वर येऊन सांगायला हवं होतं," म्हणाला. "राहिलं."

"राहिलं," मी म्हणालो.

"आणि आता कशावर कारवाई करणार? काकीच नाहीत."

मी खिशातून मोबाईल काढला आणि तिथेच, त्याच्यासमोर बसून, तन्मयला लावला. तो झोपेत होता.

"उठ. लिहून घे. तो कॅफे काढून टाक आणि लिही. इंदुमती गंगाराम सावंत. खाणावळवाली."

"आजोबा, होम शेफ लिहू का? म्हणजे वाचणाऱ्यांना जरा…"

"खाणावळवाली."

"बरं. लिहिलं. जागा नुसती घाटकोपर टाकतो हां. बाकी नको."

बाळू खिडकीबाहेर बघत होता, पण कान इकडेच होते.

"इमारतीचं नाव टाक," मी म्हणालो. "विंग टाक, माळा टाक. खोली नंबर पण टाक."